विद्यार्थ्यांचे ब्लॉगलेखन आणि ऑनलाइन अध्ययन साधने : विद्यार्थी श्रोता की लेखक?

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत शिक्षणक्षेत्रात संगणक व महाजाल यांचा वापर झपाट्याने वाढला. २००४ साली भारताने केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह अवकाशात सोडला. २०१७ साली ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ ही राष्ट्रीय व्यासपीठे सुरू झाली. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे वर्ग बंद झाले आणि तोपर्यंत ऐच्छिक असलेले ऑनलाइन अध्यापन अनिवार्य ठरले. या सर्व वाटचालीत चर्चेचा भर प्रामुख्याने एकाच प्रश्नावर राहिला : शिक्षकाचे व्याख्यान विद्यार्थ्यापर्यंत कसे पोहोचवावे? विद्यार्थ्याचे म्हणणे इतरांपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न मात्र मागे पडला.

वस्तुतः या दुसऱ्या प्रश्नाला आपल्या उच्च शिक्षणात विशेष महत्त्व आहे. पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यार्थी शेकडो पाने लिहितो. परंतु त्यातील बहुतेक मजकूर एका परीक्षकाखेरीज कोणीही वाचत नाही, आणि निकालानंतर उत्तरपत्रिका रद्दीत जाते. प्रात्यक्षिकाची जर्नले व प्रकल्प एकमेकांचे पाहून उतरवले जातात, कारण ते कोणी मनापासून वाचणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, अशा विद्यार्थ्याला आपले म्हणणे चारचौघांत मांडण्याची संधी महाविद्यालयातच मिळाली नाही, तर ती पुढे मिळेल याची शाश्वती नसते.

विद्यार्थ्यांच्या ब्लॉगलेखनाचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे. ऑनलाइन साधनाचे शैक्षणिक मोल त्यात विद्यार्थ्याला कोणते स्थान मिळते यावर ठरते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी काही प्रयोगांचा परामर्श घेऊन शेवटी मराठी माध्यमाच्या महाविद्यालयांना पेलेल असा एक आराखडा मांडला आहे.

१. ब्लॉग : संकल्पना व वाटचाल

महाजालावरील ज्या पानावर लेखक आपल्या नोंदी तारीखवार प्रसिद्ध करतो, सर्वांत नवी नोंद सर्वांत वर असते, आणि वाचकाला प्रत्येक नोंदीखाली अभिप्राय लिहिता येतो, त्या पानाला ‘ब्लॉग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘अनुदिनी’ व ‘जालनिशी’ हे प्रतिशब्द योजले गेले; तथापि रूढ झाला तो ‘ब्लॉग’ हाच शब्द. ‘वेबलॉग’ हा मूळ शब्द १९९७ साली अमेरिकेतील जॉर्न बार्गर यांनी वापरला व १९९९ साली पीटर मेरहोल्झ यांनी त्याचे ‘ब्लॉग’ असे लघुरूप केले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि २००३ साली ती गूगल कंपनीने विकत घेतली. ‘वर्डप्रेस’ ही मुक्त प्रणाली २००३ सालची, तर केवळ शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी असलेली ‘एज्युब्लॉग्ज’ ही ऑस्ट्रेलियातील सेवा २००५ सालची आहे.

या सेवांमुळे झालेला बदल साधा असला तरी मूलगामी होता. तोपर्यंत महाजालावर काही प्रसिद्ध करायचे तर संकेतस्थळ बांधण्याचे तांत्रिक ज्ञान लागत असे. आता लिहिता येणाऱ्या कोणालाही प्रकाशक होता येऊ लागले. शिक्षणाच्या दृष्टीने ब्लॉगचे तीन विशेष महत्त्वाचे ठरतात. पहिला, लेखन तारखेसह क्रमाने साठत जाते, त्यामुळे विद्यार्थ्याची प्रगती त्याला स्वतःला पाहता येते. दुसरा, वाचकाचा प्रतिसाद लेखनाच्या शेजारीच नोंदला जातो. तिसरा, एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे दुवा देता येतो, म्हणजे आधार कोठून घेतला हे दाखवण्याची सवय लेखनपद्धतीतच अंतर्भूत होते.

२. पूर्वपरंपरा : छापखाना, हस्तलिखित आणि भित्तिपत्रक

विद्यार्थ्याच्या लेखनाला वर्गाबाहेरचा वाचक मिळवून देण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधील प्राथमिक शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांना पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात दीर्घकाळ बोलणे त्यांना कष्टाचे जात असे. १९२४ साली त्यांनी दक्षिण फ्रान्समधील आपल्या खेडेगावच्या शाळेत एक लहानसे मुद्रणयंत्र आणले. मुले आपल्या अनुभवांवर मोकळेपणाने लिहीत, ते वर्गात वाचून दाखवत, कोणता मजकूर छापावा हे सर्वांनी मिळून ठरवत आणि तो सुधारून स्वतः खिळे जुळवत. छापलेली पाने ब्रिटनी प्रांतातील दुसऱ्या शाळेला टपालाने जात आणि तेथील मुलांची पाने इकडे येत. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याऐवजी दूरच्या मुलांनी लिहिलेला मजकूर वाचताना वाचन आणि लेखन या दोन्ही गोष्टींना प्रयोजन लाभले.

महाराष्ट्रातही या स्वरूपाची परंपरा आहे. शाळांतील हस्तलिखिते, वर्गाबाहेरच्या फलकावर दर आठवड्याला लागणारे भित्तिपत्रक आणि महाविद्यालयाचा वार्षिकांक यांनी अनेक पिढ्यांना लिहिते केले. मात्र या माध्यमांना मर्यादा होत्या. हस्तलिखिताची प्रत एकच असे, भित्तिपत्रकाचा कागद काही दिवसांत उतरवला जाई आणि वार्षिकांकात वर्षातून एकदा मोजक्याच विद्यार्थ्यांना स्थान मिळे. ब्लॉग या तिन्ही मर्यादा ओलांडतो. म्हणून ब्लॉगकडे परकी नवलाई म्हणून न पाहता भित्तिपत्रकाचा विस्तार म्हणून पाहिल्यास शिक्षकाला त्याची रीत समजणे सोपे जाते. विषय ठरवणे, लेख मागवणे, संपादन करणे, मुद्रिते तपासणे ही सर्व कामे मराठीच्या प्राध्यापकांना परिचित आहेत. बदलला आहे तो केवळ फलक.

३. ऑनलाइन साधनांचे दोन वर्ग

ऑनलाइन अध्ययन साधनांची यादी बरीच मोठी असली, तरी विद्यार्थ्याच्या भूमिकेनुसार त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील साधने आशय पोहोचवतात : व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती, टिपणे, बहुपर्यायी चाचण्या. दुसऱ्या वर्गातील साधने विद्यार्थ्याकडून काही घडवून घेतात : ब्लॉग, विकी, चर्चापीठ, परस्पर-मूल्यमापन. दोन्ही वर्ग आवश्यक आहेत. अडचण अशी की दुसऱ्या वर्गातील साधनेही व्यवहारात पहिल्या वर्गाप्रमाणे वापरली जातात.

‘मूडल’ हे याचे ठळक उदाहरण होय. या मुक्त प्रणालीचे जनक मार्टिन डोगियामस यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशात गेले व त्यांचे प्रारंभीचे शिक्षण रेडिओवरून चालणाऱ्या शाळेत झाले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मूडलच्या मुळाशी त्यांनी असे तत्त्व ठेवले की, माणसे इतरांसाठी काही तरी घडवताना अधिक चांगली शिकतात. त्यामुळे मूडलमध्ये चर्चापीठ, विकी, ब्लॉग आणि ‘कार्यशाळा’ नावाची सोय आहे. या ‘कार्यशाळे’त विद्यार्थी आपला लेख सादर करतात, ठरलेल्या निकषांवर एकमेकांचे लेख तपासतात, आणि लेखाबरोबरच तपासणीलाही गुण मिळतात. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी मूडलचा उपयोग टिपणे ठेवणे व चाचणी घेणे एवढ्यापुरताच होतो.

मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांचा, म्हणजे ‘मूक’चा, इतिहासही असाच बोलका आहे. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरून नाव नोंदवणारे सुमारे २५ विद्यार्थी होते, तर महाजालावरून विनाशुल्क सहभागी झालेल्यांची संख्या २,००० हून अधिक होती. सहभागी व्यक्ती आपापल्या ब्लॉगवर लिहीत. ते सारे लेखन संगणकाद्वारे गोळा करून सर्वांना पाठवले जाई. डेव्ह कॉर्मिए यांनी ‘मूक’ हा शब्द याच अभ्यासक्रमाच्या निमित्ताने योजला. म्हणजेच ‘मूक’चा जन्म विद्यार्थ्यांच्या लेखनातून झाला होता. पुढे २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापकांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नोंदणी केली आणि २०१२ साली ‘कोर्सेरा’, ‘युडॅसिटी’ व ‘एडएक्स’ या संस्था उदयास आल्या. इतक्या मोठ्या संख्येला पेलणारी रचना म्हणून ध्वनिचित्रफीत आणि यंत्राने तपासता येणारी चाचणी यांना प्राधान्य मिळाले, आणि सहभागी लेखकाचे रूपांतर पुन्हा श्रोत्यात झाले.

आपल्या ‘स्वयम्’ व्यासपीठाची रचना चार भागांची आहे : ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन चाचण्या व चर्चापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करता येतात. अशा वेळी या चार भागांपैकी चौथ्या भागाकडे, जेथे विद्यार्थी स्वतः लिहितो, महाविद्यालयांनी लक्ष दिले नाही, तर पदवीचा मोठा हिस्सा केवळ पाहण्यात व पर्याय निवडण्यात पूर्ण होण्याचा धोका संभवतो.

४. वाचक लाभल्याने काय बदलते?

लेखनाला खरा वाचक मिळाला की लिहिणाऱ्याच्या दृष्टीत बदल होतो. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे विद्यार्थी त्याला काही सांगत नसतो. आपल्याला ते आठवते एवढेच दाखवत असतो. अपरिचित वाचकाला मात्र विषय समजावून द्यावा लागतो. संज्ञा स्पष्ट करणे, क्रम लावणे, उदाहरण देणे, आधार सांगणे ही सारी शिस्त त्या गरजेतून येते.

स्कॉटलंडमधील एका नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. २०१२ साली तिने वडिलांच्या साहाय्याने ‘नेव्हरसेकंड्स’ नावाचा ब्लॉग सुरू केला. शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचे छायाचित्र ती प्रसिद्ध करी. चव व पौष्टिकता यांना गुण देई आणि जेवणात किती घास होते याचीही नोंद करी. काही आठवड्यांतच जगभरातील वाचक व इतर देशांतील मुले तिला आपापल्या शाळेतील जेवणाची माहिती कळवू लागली. जूनमध्ये स्थानिक परिषदेने तिला शाळेत छायाचित्रे काढण्यास मनाई केली. तिने निरोपाची नोंद लिहिताच मोठी टीका झाली आणि परिषदेने दुसऱ्याच दिवशी मनाई मागे घेतली. या ब्लॉगच्या वाचकांनी मुलांना शालेय भोजन पुरवणाऱ्या एका सेवाभावी संस्थेस एक लाख पौंडांहून अधिक निधी दिला व त्यातून मलावी या देशात एका शाळेचे स्वयंपाकघर उभे राहिले.

या प्रसंगाचे शैक्षणिक तात्पर्य तिच्या प्रसिद्धीत शोधू नये. तिने स्वतः पाहिलेली एकच गोष्ट निवडली, तिचे निकष ठरवले आणि दररोज त्याच निकषांनी नोंद केली. निरीक्षण, मोजमाप, सातत्य व वाचकाविषयीची जाणीव हे संशोधनाचेच प्राथमिक गुण होत. आपल्या परिसरातील विहिरीची पाणीपातळी, आठवडे बाजारातील भाव किंवा गावातील बोलीचे शब्द यांची अशीच नोंद पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल.

५. पुण्यातील २०११ चा प्रयोग : एक धडा

खुल्या वाचकवर्गापुढे विद्यार्थ्याला पुरेशा तयारीविना उभे केले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २०११ साली विकिमीडिया प्रतिष्ठानने पुण्यातील काही महाविद्यालयांच्या सहकार्याने एक पथदर्शी उपक्रम राबवला. शेकडो विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासविषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावेत किंवा सुधारावेत, आणि त्याचा विचार वर्गातील मूल्यमापनात व्हावा, अशी योजना होती. हेतू स्तुत्य होता. परंतु अनेक विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून व संकेतस्थळांवरून उतारे जसेच्या तसे उचलून टाकले. स्वामित्वहक्काचा भंग झालेला मजकूर शोधून काढता काढता विकिपीडियाचे स्वयंसेवक थकून गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा उपक्रम थांबवावा लागला.

या अपयशाचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे योग्य होणार नाही. वर्गातील लेखनात उतरवून काढणे ज्यांना वर्षानुवर्षे चालून गेले, त्यांना एका सत्रात आंतरराष्ट्रीय ज्ञानकोशाचे नियम पाळण्यास सांगितले गेले. विद्यार्थिसंख्या मोठी होती आणि मार्गदर्शक त्या मानाने अपुरे होते. शिवाय परक्या भाषेत स्वतःची वाक्ये रचण्यापेक्षा तयार वाक्ये उचलणे सोपे असते, हे कोणत्याही अनुभवी शिक्षकास पटेल.

पुण्याच्या अनुभवातून धडा घेऊन २०१२ साली इजिप्तमध्ये कैरो विद्यापीठ व ऐन शम्स विद्यापीठ येथे असाच उपक्रम सुरू झाला. तेथे गट लहान ठेवले गेले आणि विद्यार्थ्यांनी आपल्याच भाषेत, अरबी विकिपीडियावर, लेखन केले. तो उपक्रम टिकला व पुढील सत्रांतही चालू राहिला. लहान गट, पुरेसे मार्गदर्शन आणि स्वभाषा या तीन गोष्टींचे महत्त्व या दोन प्रयोगांच्या तुलनेतून स्पष्ट होते. १ मे २००३ पासून सुरू असलेला मराठी विकिपीडिया आपल्या विद्यार्थ्यांसाठी असे क्षेत्र उपलब्ध करून देतो. मात्र तेथे स्वतःची मते न मांडता प्रकाशित आधारांवरच लिहावे लागते. म्हणून आधी ब्लॉगवर स्वतःचे निरीक्षण व मतलेखन, आणि त्यानंतर विकिपीडियावर साधार माहितीलेखन, हा क्रम श्रेयस्कर होय.

६. मराठीतून लेखन : तांत्रिक बाजू

दोन दशकांपूर्वी मराठीतून महाजालावर लिहिण्यात टंकाची मोठी अडचण होती. निरनिराळ्या कंपन्यांचे टंक आपापल्या संकेतनाने चालत. एका टंकात लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. युनिकोड या जागतिक संकेतनाने हा प्रश्न सोडवला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीचा समावेश आहे. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही संगणकावर व भ्रमणध्वनीवर वाचता येतो आणि शोधयंत्राला सापडतो. विद्यार्थ्याचे लेखन वाचकापर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर छपाईसाठी वापरले जाणारे जुने टंक ब्लॉगसाठी टाळलेच पाहिजेत.

टंकलेखनाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. भारत सरकारने प्रमाणित केलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे असतात, आणि एकदा सराव झाला की इतर भारतीय लिप्याही त्याच मांडणीने लिहिता येतात. दुसऱ्या पद्धतीत रोमन अक्षरांतून उच्चारानुसार देवनागरी उमटते. तिसरी पद्धत बोलून लिहिण्याची. भ्रमणध्वनीवर शेवटच्या दोन पद्धती सोयीच्या वाटतात. परंतु ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे यांत यंत्र सुचवेल तो शब्द स्वीकारण्याची सवय लागते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. यंत्राने एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर अर्थ पालटतो. म्हणून प्रसिद्ध करण्यापूर्वी मोठ्याने वाचणे व सहाध्यायाकडून तपासून घेणे हा नियमच असावा.

प्रत्येक विद्यार्थ्याकडे संगणक असतोच असे नाही. अनेकांकडे एकच भ्रमणध्वनी असून तोही घरातील इतरांबरोबर वाटून घ्यावा लागतो. अशा विद्यार्थ्याने मसुदा वहीत लिहावा आणि महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा ग्रंथालयात तो टंकित करावा. ध्वनिचित्रफितीच्या तुलनेत लिखित मजकुराला विदेचा खर्च अत्यल्प लागतो, ही ब्लॉगची जमेची बाजू येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

७. कृत्रिम बुद्धिमत्तेचे आव्हान

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाल्यापासून विद्यार्थिलेखनापुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. आता उतारा उचलण्याचीही गरज राहिली नाही. मागेल तो निबंध यंत्र क्षणात लिहून देते. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे साधन याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणले, परंतु अचूकता कमी असल्याच्या कारणाने जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले. त्यामुळे अशा साधनाच्या निर्णयावर विसंबून विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

या आव्हानावर उपाय लेखनप्रक्रियेतच आहे. विषय जितका सर्वसामान्य, तितके यंत्राचे काम सोपे. ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर यंत्र लिहू शकेल; आपल्या वाडीतील सार्वजनिक नळाला मार्च ते मे या काळात किती दिवस पाणी आले, हे तेथे राहणाऱ्या विद्यार्थ्यालाच सांगता येईल. वहीतील टिपणे, पहिला मसुदा, सहाध्यायाच्या सूचना व अंतिम लेख हे चारही टप्पे जपले आणि अखेरीस पाच मिनिटांची तोंडी चर्चा झाली, तर लेखन कोणाचे हे निराळे शोधावे लागत नाही. यंत्राचे साहाय्य कोठे घेतले याची नोंद लेखाखाली करण्याची सवयही लावावी.

८. मालकी, टिकाऊपणा आणि खाजगीपणा

ऑनलाइन लेखन कायम राहते असा समज आहे. तो खरा नाही. ‘जिओसिटीज’ ही संकेतस्थळे बांधण्याची सेवा अमेरिकेत २००९ साली बंद झाली. ‘पोस्टरस’ ही ब्लॉगसेवा २०१३ साली, अनेक शाळांनी वापरलेली ‘विकिस्पेसेस’ ही सेवा २०१८ साली आणि ‘एडमोडो’ हे शैक्षणिक व्यासपीठ २०२२ साली बंद पडले. ज्यांनी प्रती काढून ठेवल्या नव्हत्या, त्यांचे लेखन हातचे गेले. विनाशुल्क सेवा ही भाड्याच्या जागेसारखी असते. मालक ती केव्हाही रिकामी करायला सांगू शकतो.

या दृष्टीने अमेरिकेतील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाचा उपक्रम अभ्यसनीय आहे. या विद्यापीठाने २००७ साली विद्यार्थ्यांसाठी स्वतःची ब्लॉगव्यवस्था उभारली आणि २०१३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला महाजालावर स्वतःच्या नावाचा पत्ता व जागा देण्यास सुरुवात केली. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ग्रंथनामाची आठवण करून देणारे नाव या उपक्रमास दिले आहे. पदवी मिळाल्यावर विद्यार्थी ती जागा आपल्याबरोबर घेऊन जाऊ शकतो. आपल्या महाविद्यालयांना एवढा खर्च पेलणार नाही. तथापि सत्राच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याच्या लेखनाची प्रत उतरवून ती विद्यार्थ्याला व ग्रंथालयाला देणे सहज शक्य आहे. वर्डप्रेस व ब्लॉगर या दोन्ही सेवांत तशी सोय आहे.

खाजगीपणाचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिची विदा हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद केली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयोगटात मोडतात. विद्यार्थिनींना अनोळखी व्यक्तींकडून उपद्रव होण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याला टोपणनावाने लिहिण्याची मुभा असावी, पत्ता व संपर्काचा तपशील कधीही प्रसिद्ध होऊ नये, अभिप्राय शिक्षकाने वाचल्यानंतरच दिसावेत, आणि एखाद्याला आपले लेखन मागे घ्यावेसे वाटले तर त्याला तो अधिकार असावा.

९. महाविद्यालयासाठी आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे एका सत्रासाठी पुढील कार्यपद्धती सुचवता येईल :

१) गट पंधरा ते वीस विद्यार्थ्यांचा असावा व प्रारंभी विभागाचा एकच सामाईक ब्लॉग असावा. प्रत्येकाचा स्वतंत्र ब्लॉग काढल्यास बहुतेक ब्लॉग दोन नोंदींनंतर ओस पडतात.

२) पहिले दोन आठवडे युनिकोड टंकलेखन, उद्धरण देण्याची पद्धत व स्वामित्वहक्क यांसाठी राखून ठेवावेत.

३) प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात चार लेख लिहावेत : एक निरीक्षण, एक मुलाखत, एक ग्रंथपरिचय व एक अभ्यासविषयाचे सुबोध स्पष्टीकरण.

४) प्रत्येक लेख प्रसिद्धीपूर्वी दोन सहाध्यायांनी वाचावा. ‘छान आहे’ असा शेरा ग्राह्य धरू नये. एक प्रश्न व एक सूचना लिहिणे आवश्यक असावे.

५) दुसऱ्या महाविद्यालयातील एका विभागाशी आधीच बोलून परस्परांच्या ब्लॉगचे वाचन ठरवावे. फ्रेने यांच्या शाळांप्रमाणे निश्चित वाचक असल्याविना लेखनाला गती येत नाही.

६) अंतर्गत मूल्यमापनात अंतिम लेखाबरोबरच मसुदा, सुधारणा व इतरांना दिलेले अभिप्राय यांनाही गुण असावेत. वाचकसंख्येला गुण देऊ नयेत.

७) सत्राच्या शेवटी निवडक लेख महाविद्यालयाच्या वार्षिकांकात छापावेत व सर्व लेखांची प्रत ग्रंथालयात जतन करावी.

या पद्धतीत शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न उरतोच. वीस विद्यार्थ्यांचे चार लेख म्हणजे ऐंशी लेख होतात. परस्परवाचनामुळे प्राथमिक दोष आधीच दूर होतात, तरीही शिक्षकाला ते वाचावे लागतातच. हा वेळ कार्यभारात धरला जावा, अशी मागणी अभ्यासमंडळांकडे व प्राचार्यांकडे करणे उचित ठरेल. अन्यथा हा उपक्रम एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर संपुष्टात येईल.

समारोप

ऑनलाइन साधने येतात आणि जातात. गेल्या वीस वर्षांत कितीतरी व्यासपीठे नावाजली आणि बंदही पडली. फ्रेने यांचे मुद्रणयंत्र, शाळेचे हस्तलिखित, महाविद्यालयाचा भित्तिफलक आणि आजचा ब्लॉग यांना जोडणारा धागा मात्र एकच आहे : विद्यार्थ्याला सांगण्याजोगे काही आहे आणि ते ऐकणारा कोणी आहे, हा विश्वास. तो विश्वास नसेल तर महागडी प्रणालीही टिपणे ठेवण्याचे कपाट ठरते. आणि तो असेल तर संगणक कक्षातील चार जुने संगणकही पुरेसे होतात.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात यास आणखी एक परिमाण आहे. महाजालावर मराठीतून विज्ञान, अर्थशास्त्र, स्थानिक इतिहास यांविषयीचे विश्वसनीय लेखन अजूनही गरजेपेक्षा कमी आहे. ते वाढवण्यासाठी नव्या लेखकांची आवश्यकता आहे आणि ते लेखक आपल्या वर्गांत आज बसलेले आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिका रद्दीत जाणे थांबवता येणार नाही. परंतु प्रत्येकाचे वर्षाकाठी चार लेख तरी वाचकांपर्यंत पोहोचावेत आणि जतन व्हावेत, एवढी व्यवस्था कोणत्याही महाविद्यालयाला येत्या सत्रापासून करता येण्यासारखी आहे.